दस्तगीर फॉरवर्ड आणि गुलालाचं पोतं

नदीवर पूल नव्हता आणि कासारखोलला यायचं तर नावेतूनच यावं लागे, इतक्या वर्षांपूर्वीची ही गोष्ट. गावात दस्तगीर शिकलगार नावाचा माणूस होता. खांद्यावर धारेचं चाक घेऊन गावोगाव हिंडायचं, सुऱ्या-विळ्यांना धार लावायची, हा त्याचा धंदा. आणि फुटबॉल हे त्याचं वेड. तो अनवाणी खेळायचा. त्यानं मारलेला चेंडू वारा चिरत जायचा आणि मागून शीळ ऐकू यायची, असं म्हणतात.

मी काही ते पाहिलं नाही. माझ्या वडिलांनी पाहिलं, त्यांनी मला सांगितलं, तेच मी सांगतोय.

तर दस्तगीरचा पाय मोठा, पण नशीब खालच्या गटातलं. ज्या गावात धार लावायला जाई, तिथले लोक म्हणत, रविवारी थांब, आमच्याकडून खेळ. असा तो वीस वर्षांत सात गावांकडून खेळला. तीनशे गोल केले म्हणतात, कुणी पाचशेही सांगतं. पण सातही गावं जिल्ह्याच्या सगळ्यात खालच्या गटातली. वरच्या गटातून एकदाच बोलावणं आलं, तर नदीला पूर. नऊ दिवसांनी पाणी उतरलं, तोवर त्यांनी दुसरा फॉरवर्ड घेतला होता.

चाळिशीला आला तेव्हा गुडघा सुजायला लागला. मग तो गावी परतला आणि इथल्या पोरांना घेऊन त्यानं कासारखोलचा संघ उभा केला. नदीकाठचा माळ त्यानंच दगड वेचून साफ केला. त्याला ना शेत, ना पोरबाळ. तो माळ तेवढा त्याचा. पण कागदावर माळ गावाचा, आणि सरपंच होते बळवंतआबा. त्यांनी अट घातली.

"जोवर बाहेरगावचा संघ हितं खेळायला येतोय, तोवर माळ तुमचा. यायचा बंद झाला की मी वीटभट्टीला देणार."

भट्टीवाला तर पावलांनी माळ मोजूनही गेला होता.

त्या साली कासारखोल शेवटून पहिलं. एकच सामना उरला, भुईवड्याशी. जिंकलं तर राहिलं. नाहीतर संघ गटातून बाहेर, आणि बाहेरच्या संघाशी खेळायला नावेत बसून कोण येणार?

सामन्याला अख्खा गाव लोटला. गोल झाला की गुलाल उधळायचा ही आमची रीत. पोतं सांभाळायला फुटाणेवाली हौसाक्का भुईवड्याच्या गोलच्या बाजूला बसली होती. तिची जीभ काही स्वस्थ बसेना.

"दस्तगीर, साऱ्या मुलखाच्या विळ्यांना धार लावलीस. तुझ्या पायाला कोण लावायचं गा?"

"अक्का, तुझ्या जिभेवर घासतो की," तो म्हणाला.

लोक हसले, पण ते तेवढंच. पुढं कुणी हसलं नाही. ऊन कललं तरी गोल होईना. भुईवड्याचा गोलकीपर आनंदा गुरव, दारात बैल उभा राहावा तसा उभा. शेवटची दोन मिनिटं उरली. बळवंतआबा कडेला उभे, शेजारी भट्टीवाला. आणि चेंडू दस्तगीरच्या पायात आला.

पात्याची धार बघताना मिटायचा तसा त्यानं एक डोळा मिटला आणि पाय उचलला. आता, वीस वर्षं ह्या पायाच्या गोष्टी ऐकलेला गाव. चुकेल असं कुणाच्या मनातच येईना. पाय उचलला, की हौसाक्कानं पोतं उपडं केलं. वारा तिच्याकडून गोलकडं होता. अख्खा गोल लालेलाल झाला, आणि त्या लाल धुरात चेंडू जाळीत गेला.

पंचांनी शिट्टी वाजवली. गाव नाचायला लागला. धूर बसला तेव्हा दिसलं, आनंदा गुडघ्यावर बसलाय, डोळ्यांवर हात.

भुईवड्याची माणसं धावून आली. पंचांना धुरात काही दिसलं नव्हतं. ते सरळ दस्तगीरकडं गेले.

"तू सांग. गुलाल आधी, का चेंडू आधी?"

दस्तगीरनं बळवंतआबांकडं बघितलं, माळाकडं बघितलं. माझे वडील म्हणायचे, तेवढ्या वेळात एक बिडी ओढून झाली असती.

"गुलाल आधी, सायेब."

"भाई, काय बोलला ह्ये?" आपलीच पोरं अंगावर आली.

"त्याला दिसलंच न्हाई, तर मी गोल मारला कुणाला?"

मग चाकावर पाणी सोडायचा डबा त्यानं नदीवरून भरून आणला आणि आपल्या हातानं आनंदाचे डोळे धुतले. पंच म्हणाले, गोल रद्द, त्याच जागेवरून पुन्हा एकदा मार, मग सामना संपला.

"दिसतंय का नीट?" दस्तगीरनं विचारलं.

"तुझ्या मिशीतला पांढरा केस दिसतोय. मार."

दस्तगीरनं मारला. चेंडूची शीळ ऐकून नदीकाठचे बगळे उठले. आनंदा गुरवानं चेंडू छातीवर घेतला, तसा तो उभ्याउभ्या मागं घसरत गेला, टाचांनी जमिनीत दोन चर पडले. चेंडू त्याच्या हातातच फुटला. आवाज नदीपल्याडच्या गुऱ्हाळात गेला आणि तिथली माणसं, रसाची काहील फुटली म्हणून पळत सुटली, असं म्हणतात. पण टाचा रेषेच्या अलीकडं थांबल्या. वीतभर.

सामना बरोबरीत सुटला. कासारखोल गटातून गेलं.

पुढच्या रविवारी भट्टीवाला दोरी आणि खुंट्या घेऊन आला. पहिली खुंटी ठोकली. दस्तगीर गोलच्या खांबाला टेकून नुसता बघत होता. तेवढ्यात पलीकडून नाव सुटली. नावेत अकरा जण, पुढं आनंदा, डोळे अजून लाल.

"आता कसला सामना?" बळवंतआबा म्हणाले. "संपलं की तुमचं."

"आबा, बाहेरगावचा संघ खेळायला आलाय," आनंदा म्हणाला. "तुमची अट एवढीच हाय न्हवं?"

आबा खुंटीपाशी गेले. मग स्वतः वाकून त्यांनी खुंटी उपटली.

त्यानंतर भुईवडं दर रविवारी येत राहिलं. एका पावसाळ्यात नाव बंद होती, तर चेंडू डोक्याला बांधून पुरातून पोहत आले, असं म्हणतात. दस्तगीर साठीपर्यंत खेळला. वरचा गट त्यानं कधी बघितला नाही.

माळ आहे अजून. सामना असला की आमच्या गावचा गुलाल आम्ही जवळ ठेवत नाही. पोत्याचं तोंड बांधून ते पाहुण्या गोलकीपरच्या हाती देतो. आम्ही गोल मारला आणि त्याला तो पटला, तर तोच गाठ सोडतो आणि पहिली मूठ गोल मारणाऱ्याच्या कपाळाला लावतो. मग आम्ही उधळायचा. नाही पटला, तर पोतं तसंच घरी येतं. ह्या साली दोनदा तसंच आलं.