पहिलं तेल

“महागाचं तेल वाईट असतं का, सर?”

केळुसकर सरांनी हेमांगीच्या हातातला डबा घेतला, त्यावरची बारीक अक्षरं चष्मा वर करून वाचली आणि डबा तिला परत दिला.

“वाईट नाही. उत्तम आहे.”

“मग घालू?”

“कामावर सही कुणाची आहे?”

“माझी.”

सर स्टुलावर बसले.

आत्माराम केळुसकरांचं सगळं आयुष्य विमानांच्या इंजिनांत गेलं होतं. निवृत्तीनंतर ते माळावरच्या या लहानशा फ्लाइंग क्लबात काम पाहत. हेमांगी दळवे त्यांच्याच हाताखाली तयार झाली. नुकताच तिला विमानदुरुस्तीचा परवाना मिळाला होता, आणि परवान्याबरोबर थोडा ताठाही आला होता.

क्लबचं चार आसनी विमान बरेच महिने उभं होतं आणि त्याचं इंजिन आतून गंजलं होतं. समितीने ते भंगारात काढायचं ठरवलं, तेव्हा हेमांगी एकटी आडवी आली. इंजिन मी चालू करून दाखवते, नाही जमलं तर मीही इथे राहणार नाही, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. चारही सिलिंडर तिने नवे बसवले. आता तेल घालायचं आणि उडवायचं, एवढंच उरलं होतं.

या इंजिनासाठी सुरुवातीला साधं खनिज तेल वापरा, असं पुस्तकात होतं. हेमांगीला ते ठाऊक होतं. पण पुस्तक जुनं आणि तिच्या हातातलं तेल नवं. ते झीज जवळजवळ होऊच देत नाही, असं तिचं म्हणणं. इतक्या कष्टाने बसवलेले सिलिंडर पहिल्या दिवसापासून जपायला नकोत का? उडवायचंही बेताने, कमी ताकदीवर, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते उठले, मागच्या खोलीतून एक जुना सिलिंडर घेऊन आले आणि तिच्यापुढे ठेवला.

“आत बोट फिरव.”

तिने फिरवलं. भिंत काचेसारखी लागली. ओरखडा नाही, गंजाचा ठिपका नाही.

“काय गुळगुळीत आहे! हा कशाला काढला?”

“गुळगुळीत झाला म्हणून.”

हेमांगीने पुन्हा एकदा आतून बोट फिरवलं.

“मालकाने फार जपला,” सर म्हणाले, आणि हात पुसत बाहेर गेले.

ती तिथेच बसून राहिली. नव्या सिलिंडरच्या आत तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा होत्या. बसवताना तिने त्या पाहिल्या होत्या. इंजिन पूर्ण ताकदीने चालताना त्याच्या दाबाखाली पिस्टनच्या रिंगांनी त्या रेघांवर घासून घासून आपली जागा करायची, तेव्हा कुठे मधली फट बुजणार. घासूच दिलं नाही तर फट तशीच राहणार, भिंत वरवर चकचकीत होणार आणि इंजिन कायमचं तेल जाळत बसणार.

तिने तो डबा बाजूला ठेवला आणि साधं खनिज तेल स्वतः ओतलं. कोणतं घातलं, हे सरांनी विचारलं नाही. जमिनीवर उगाच चालवत बसू नकोस, वर गेल्यावर ताकद कमी करू नकोस, आणि तापमानाची लाल रेघ मात्र ओलांडू देऊ नकोस, एवढंच त्यांनी सांगितलं.

विमान क्लबचे वैमानिक कॅप्टन मुल्ला यांनी उडवलं. हेमांगी शेजारी बसली. क्लबची धावपट्टी मागे पडली, खाली उसाचे पट्टे दिसू लागले. तिची नजर तापमानाच्या काट्यांवर होती. चारांपैकी दुसऱ्या सिलिंडरचा काटा इतरांना मागे टाकून चढत होता. चढता चढता तो लाल रेघेच्या जवळ आला.

मुल्लांनी तिच्याकडे पाहिलं. ताकद कमी करू का, असं त्यांनी विचारलं.

इतके दिवस खपून बसवलेला सिलिंडर डोळ्यांदेखत तापत होता. हो म्हणणं सोपं होतं. पण रेघेला अजून काटा लागला नव्हता.

“नको,” ती म्हणाली. “नाक थोडं खाली घ्या, वेग वाढेल, वारा जास्त लागेल. ताकद आहे तेवढीच ठेवा. रेघेला लागला तर लगेच उतरू.”

मुल्लांनी नाक खाली घेतलं. काटा थांबला. पण उतरेना…

ती काट्यावरून नजर न हलवता बसून राहिली. बराच वेळ तसाच गेला.

मग दोघांपैकी कुणीही कशालाही हात लावला नसताना काटा हळूहळू खाली सरकू लागला आणि इतर तीन काट्यांच्या जवळ येऊन थांबला. रिंगा आपली जागा करू लागल्या होत्या.

खाली आल्यावर तिने तेल मोजायची पट्टी काढून पाहिली. इंजिनाने बरंच तेल पिऊन टाकलं होतं. ती नाराज झाली नाही. पुढच्या उड्डाणाला तेल कमी लागलं, त्याच्या पुढच्याला आणखी कमी, आणि मग ते एका जागी स्थिरावलं. तेव्हा तिने खनिज तेल काढून टाकलं आणि क्लबच्या इतर विमानांत घालतात ते रोजचं तेल भरलं. विमान शिकाऊ वैमानिकांना मिळालं. भंगाराचा विषय समितीत पुन्हा कुणी काढला नाही.

त्यानंतर एका संध्याकाळी सरांनी विमानं ठेवतात त्या हँगरच्या किल्ल्या तिच्यापुढे ठेवल्या. यापुढे इथलं सगळं तू बघ, असं ते म्हणाले.

हेमांगीने किल्ल्या लगेच उचलल्या नाहीत.

“तुम्ही आता येणार नाही, सर?”

“येईन की.”

“माझं काम तपासायला?”

सरांनी पायात चपला सरकवल्या.

“नाही. भांडायला.”