चिखलात फेकलेला जिताडा

एकदा एका खाडीत एक वृद्ध कोळी आणि त्याचा शिष्य चिंचोळ्या होडक्यात बसून गळ टाकत होते. ही गोष्ट शपथेवर खरी आहे. मी त्या होडक्यातच होतो. आता होडकं जेमतेम दोघांपुरतं, आणि ते दोघे त्यात बसलेले, हे मीच वर लिहून बसलो. तेव्हा मी नव्हतो असं धरा. गोष्ट तरीही खरी.

शिष्य कोवळा नव्हता. शहरातली नोकरी सुटल्यावर चाळिशीत गावी परतला होता आणि वृद्धाकडून खाडी शिकत होता. घरी आई अंथरुणाला खिळलेली. आठ दिवस तिची अन्नावर वासना नव्हती, त्या सकाळी मात्र ती म्हणाली होती, "जिताड्याचं कालवण खावंसं वाटतंय रे."

दुपारी ओहोटीला जोर चढला. उथळ खाडीत पाणी वळलं की माणसानेही वळायचं असतं.

"चल," वृद्ध म्हणाला.

"आबा, एकदाच टाकतो. रिकाम्या हाताने तिच्यापुढे कसा जाऊ?"

वृद्धाने उचललेलं वल्हं पुन्हा खाली ठेवलं. गुरूंच्या हातूनही चुका होतात.

जिताडा लागला, चांगला हातभर. पण तो वर घेईपर्यंत होडक्याचा तळ चिखलात बसला. भोवतालचं पाणी बघता बघता ओसरलं. आता भरती येईपर्यंत चार-पाच तास हलणं नाही.

तेवढ्यात शिष्याची बहीण काठावर धावत आली. "दादा, आईला घरघर लागलीय! तुझं नाव घेतेय!"

काठ हाकेच्या अंतरावर होता. शिष्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि एक पाय बाहेर काढला. त्यावर वृद्धाने काय करावं? त्याने तो जिताडा उचलला आणि दूर चिखलात भिरकावला.

"आबा! डोकं फिरलं का तुमचं? तिच्यासाठी धरला होता तो!"

"ठाऊक आहे. बघ त्याच्याकडे."

मासा उसळला, आपटला. प्रत्येक उसळीसरशी थोडा आत गेला. शेवटी शेपटी तेवढी दिसत होती, मग तीही दिसेना. चिखल पुन्हा गुळगुळीत झाला.

"तीन किलोचा होता," वृद्ध म्हणाला. "तू केवढा?"

शिष्याने पाय आत घेतला आणि तो हमसून रडू लागला. वृद्ध काठाकडे वळून ओरडला, "पोरी, आत जा! तिला सांग, दादा येतोय!"

"कशाला खोटं सांगता? मी इथे रुतून बसलोय."

"ते खरं की खोटं, हे आता तुझ्या हातात आहे," वृद्ध म्हणाला. "माझ्या भावाची बायको बाळंतपणात अडली होती. तिलाही आम्ही हेच सांगितलं, नवरा येतोय म्हणून. तो याच चिखलात उतरला. भरती आल्यावर मी त्याला घरी नेला, पण तो आला असं कोण म्हणेल? तुला उशीर होईल, बाबा. तो उशीर जन्मभर सलेल. तरी बस. जाणाऱ्या माणसाला दिलेला शब्द खोटा पडू देऊ नये."

शिष्य बसला. समोर घर दिसत होतं, दार दिसत होतं. दिवेलागणीला होडक्याखाली पाणी आलं. तो घरी पोहोचला तेव्हा आई जागी होती. तिने त्याच्या हातावरून हात फिरवला, मासा मिळाला का म्हणून विचारलं आणि मग डोळे मिटले.

आता कबुली देतो. आईचं ते जागं असणं मी रचलेलं आहे. दुसरं काही लिहायला हात धजेना. ती उन्हं कलता कलताच गेली, दादा येतोय हे ऐकून गेली. घरातलं रडणं त्याला होडक्यात बसून ऐकू आलं, आणि त्यानंतरही दोन तास त्याला बसावं लागलं. त्या दोन तासांतही त्याने पाय बाहेर टाकला नाही.

दिवेलागणीला तो आला, एवढं खरं.