टिटवीचा विषय

तळ्याकाठच्या प्राण्यांनी आपली नगरपालिका थाटली होती, त्या काळची गोष्ट. एका सभेत नगराध्यक्ष कासवाच्या सत्काराचा खर्च एकमताने मंजूर झाला. मग तरुण टिटवी उठली.

"बांधाला भेग पडलीय. खालीच माझी अंडी आहेत. दुरुस्तीचा खर्च मंजूर करा."

"अनुमोदन कोण देतंय?" कासवाने विचारले.

बगळ्याने डोळे मिटून घेतले.

"बेडूककाका, तुम्ही तरी बोला!"

"पोरी, आधी चार सभा गप्प बसायला शीक."

अनुमोदक मिळाला नाही, म्हणून विषय बारगळला.

तिसऱ्या दिवशी बांध फुटला आणि अंडी वाहून गेली. पुढच्या सभेत दुखवट्याचा ठराव आला. अनुमोदन द्यायला सगळेच पुढे सरसावले. श्रद्धांजलीसाठी सभा उभी राहिली.

टिटवी तेवढी बसून राहिली.