मोत्याच्या उंबऱ्याचा शंख

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा समुद्रात मीठ पडलं होतं की पडायचं होतं, यावर शहाणी माणसं अजून भांडताहेत. भांडू द्या. आपण किनाऱ्यावर जाऊ.

त्या किनाऱ्यावर शंखात राहणाऱ्या खेकड्यांची वस्ती होती. हे खेकडे पुढून नांग्या परजणारे आणि मागून लोण्यासारखे मऊ. तुमच्या आळीतही असतील असे दोन-चार. मागची बाजू झाकायला ते गोगलगाईनं सोडलेला शंख शोधायचे, आतल्या वळणाला शेपूट अडकवायचे आणि घर पाठीवर घेऊन फिरायचे. पंचाईत एकच. खेकडा वाढतो, शंख वाढत नाही.

म्हणून भरतीनं एखादा मोठा रिकामा शंख आणून टाकला, की सगळे जमायचे आणि मोठ्यापासून छोट्यापर्यंत रांग धरायचे. पहिला नव्या शंखात जाई, त्याच्या घरात दुसरा, दुसऱ्याच्या घरात तिसरा. रीत अशी होती, की मागच्यानं तुमचं घर पसंत केलं तरच तुम्ही पुढच्याच्या घरात जायचं. नाहीतर चांगलं घर आपण पटकवायचं आणि भिकार दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं, ही कला खेकड्यांनाही येत होती.

या वस्तीत एक खेकडा होता भारी हौशी. त्याला सगळे हौशीच म्हणत. त्याला एक जाड, मजबूत शंख मिळाला. दुसरा असता तर आत शिरून झोपला असता. हौशीला झोप कसली! त्यानं टणक दातांच्या माशाला बोलावून दार कोरून घेतलं, आपल्या डाव्या नांगीच्या बेतानं. कारण आत शिरल्यावर खेकडा मोठी नांगी आडवी धरूनच दार लावतो, आणि वस्तीत सगळ्यांची उजवी नांगी मोठी, त्याची एकट्याची डावी. मग आतली खरबरीत वळणं घासून आरशासारखी केली. मावळता सूर्य दिसावा म्हणून एका बाजूला खिडकी पाडली. उंबऱ्यात मोती बसवला, माथ्यावर पोवळ्याचा कळस चढवला. पोटाला चिमटा काढून घासामागून घास कारागिरांना दिला.

येणारा-जाणारा थांबून म्हणे, “वा!”

प्रत्येक ‘वा’ला हौशीच्या मनात घराचा भाव चढे. तो म्हणे, “वाया काही जात नाही. एक घास घातला, दोन वसूल होतील!”

दिवस गेले. हौशी वाढला. आता तो आत शिरला, की डावी नांगी बाहेरच राही. वर घार घिरट्या घालू लागली. नांगी बाहेर राहिलेला खेकडा म्हणजे घारीला वाढलेलं पान. हौशीला घर बदलायलाच हवं होतं.

आणि एके दिवशी लाटेनं एक थोरला शंख आणून टाकला. रांग लागली. सगळ्यांत पुढे वस्तीतले आजोबा, त्यांच्या मागे हौशी, हौशीच्या मागे एक तोंडाळ खेकडी. आजोबांचं घर तपकिरी, कडेचा टवका उडालेलं, पण ऐसपैस. हौशीला बरोब्बर बसणारं.

हौशी मागे वळून म्हणाला, “मावशी, नशीब उघडलं तुमचं! असं घर मिळतंय. रीतीनं फुकट द्यायला हवं, पण केलेल्या खर्चाचं काहीतरी बघा. वर्षभराच्या शिकारीत दर घासामागे अर्धा घास माझा.”

“आधी घर तर बघू दे, मग अर्ध्या-पाऊणचं बोल,” म्हणत मावशी आत डोकावली. “दार असं वाकडं का रे?”

“माझी डावी नांगी मोठी ना!”

“आणि माझी उजवी. मी दार लावू कशानं, मिशीनं?”

“खिडकी बघा. सूर्यास्त दिसतो.”

“मला सूर्यास्त दिसतो, आणि घारीला मी दिसते. जमीन तरी धड आहे का? अगं बाई! शेपूट अडकवू कुठं? राहायचंय की घसरगुंडी खेळायचीय?”

“मावशी, मोती बघा, पोवळं बघा! अहो, हौसेला मोल नसतं!”

“मग मी काय वेगळं सांगतेय?” मावशी बाहेर येत म्हणाली. “काही मोल नाही.”

रांग खो खो हसली. हौशीचा भाव अर्ध्या घासावरून पाव घासावर आला, तिथून ‘तसंच घ्या’वर आला. त्यानं कळसही तोडून फेकला. पण पाडलेली खिडकी बुजत नाही आणि कोरलेलं दार उलटं फिरत नाही. त्यानं रांगेतल्या एकेकाला विचारलं. जो तो आत डोकावे, “वा!” म्हणे, आणि मागे सरके.

पाणी चढू लागलं. मागून आरडाओरडा सुरू झाला. “अरे, हला पुढे! याच्या महालापायी आम्ही वाहून जायचं का?”

हौशी रडकुंडीला आला. “आजोबा, आयुष्य घातलं हो मी या घरात!”

आजोबांनी विचारलं, “कुणासाठी घातलंस?”

“माझ्यासाठीच. मला आवडायचं.”

“सूर्यास्त पाहिलेस?”

“रोज.”

“मोत्यावर चांदणं पडायचं तेव्हा सुख व्हायचं?”

हौशीनं उंबऱ्यातल्या मोत्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “व्हायचं.”

“मग पोरा, तुझं तुला पोचलं. ते परत मावशीकडून कसं मागतोस? सुख तू खाल्लंस, आणि उष्टं पान तिच्याकडून उचलून घ्यायचं?”

पाणी उत्तराची वाट बघत नाही. आजोबा थोरल्या शंखात शिरले आणि रांग पुढे सरकली हौशीला वगळून. मावशी आजोबांच्या घरात गेली. “ढगळ होतंय जरा. होऊ दे, वाढत्या अंगाला घेते,” म्हणाली. तिच्या घरात तिच्या मागचा, त्याच्या घरात त्याच्या मागचा. बघता बघता सगळी रांग नव्या घरांत बसली आणि पांगली.

हौशी आपल्या महालात शिरला. नांगी बाहेर राहिली. घार उतरली.

जीव वाचला तो एवढ्यामुळे, की त्यानं नांगी घारीच्या चोचीत सोडली, मोती सोडला, खिडकी सोडली, आणि उघड्या पाठीनं दगडाखाली पळाला. तिथं एक फुटकी करवंटी पडली होती, तीच त्यानं ओढून घेतली. नवी नांगी फुटायला पुढं बराच काळ लागला.

तो शंख मात्र किती तरी भरत्या तसाच पडून होता. येणारा-जाणारा थांबे, खिडकीतून आत बघे, “वा!” म्हणे आणि पुढे जाई.

बोध असा: घर सजवावं ते आपल्या सुखासाठी, सुख भोगलं की फिटलं, त्याची किंमत पुढच्याकडून मागू नये.