चिंधी बांधलेलं तवसं

एका डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गाव लहान, मोजून बावीस उंबऱ्यांचं. पुढे ओढा, मागे रान आणि प्रत्येक घरामागे आपलं आपलं परस. त्या गावच्या बायका ऋषिपंचमीचं व्रत फार निष्ठेनं करीत. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, नांगरटीच्या शेतातलं नाही, बाजारातलं तर नाहीच. परसात खुरप्यानं उकरून, ओंजळीनं पाणी घालून जे पिकेल, तेच खायचं.

प्रत्येक घरची बाई आपल्या परसातली भाजी टोपलीत घालून देवळात आणी. सगळ्यांची भाजी एकाच मातीच्या हंडीत शिजे आणि सगळ्या जणी एकाच पंगतीत बसून ती खात. पण त्याआधी पूजा. सात ऋषींच्या सात सुपाऱ्या, आठवी अरुंधतीची. त्या मांडायचा मान कुणाला, तर जिच्या टोपलीतलं फळ सगळ्यांत मोठं असेल तिला. मानापायी बायका वर्षभर वेल जपत आणि पंचमीच्या सकाळी त्यावरचं सगळ्यांत देखणं फळ तोडून हंडीत घालीत. देवाला द्यायचं ते उत्तमच द्यावं, असं त्यांचं म्हणणं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

याच गावात एक म्हातारी होती. तिला सगळे चिकट म्हणत. तोंडावर नाही, पण अगदी पाठीमागेही नाही. म्हातारी तांदूळ धुतलेलं पाणी फेकत नसे, ते वेलांच्या मुळाशी जाई. दोडक्याच्या शिरांची ती चटणी करी. आणि तिच्या तवशाच्या वेलावर, म्हणजे त्या पावसाळी मोठ्या काकडीच्या वेलावर, जे पहिलं आणि उत्तम फळ धरे, त्याच्या देठाला ती जुन्या लुगड्याची चिंधी बांधून ठेवी. ते तवसं कुणी तोडायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, खायचं तर मुळीच नाही. पंचमीला तिच्या टोपलीत मागाहून धरलेली दोन लहान तवशी आणि अळूची पानं असत. चिंधी बांधलेलं तवसं मात्र वेलावरच पिवळं पडे. बायका म्हणत, हिच्या हातून चिंधी सुटायची नाही, तवसं काय सुटणार.

या म्हातारीच्या घरी वैशाखात नवी सून आली. सून मोठ्या मनाची. माहेरी ती परडी भरभरून द्यायला शिकलेली. इथे आली आणि पहिल्याच महिन्यात पाणवठ्यावर तिच्या कानावर सासूचं ते विशेषण पडलं. तिला फार लागलं. खरं तर दारात आलेला कुणी या घरून पेज प्यायल्यावाचून गेल्याचं तिनं पाहिलं नव्हतं. पण माणसाला लोकांचं बोलणं जितकं ऐकू येतं, तितकं घरातलं दिसत नाही. सुनेचंही तसंच झालं.

बघता बघता भाद्रपद आला. वेलावर चिंधी बांधलेलं तवसं कोपरापर्यंतच्या हाताएवढं लांब झालं होतं. तेवढं फळ त्या साली साऱ्या गावात कुणाच्या वेलावर नव्हतं. पंचमीच्या आदल्या दिवशी सून पाणवठ्यावर गेली, तर पाटलीणबाई तिथे भेटल्या. त्यांनी हसत हसत विचारलं, "काय गं, उद्याची भाजी सासूनं मोजून काढलीय की तोलून?"

सगळ्या बायका हसल्या. सूनही हसली, पण घरी आली ती थेट परसात. ऊन कलतं होतं आणि सासू पुढल्या ओटीवर वाती वळत बसली होती. सुनेनं विळा उचलला. उद्या हे तवसं देवळात न्यायचं, सुपाऱ्या आपल्या हातानं मांडायच्या, आणि चिकट हा शब्द या घरावरून एकदाचा पुसून टाकायचा. मग सासू काय बोलायची ते बोलो.

तिनं चिंधीची गाठ सोडली. गाठीतून काहीतरी तिच्या तळहातावर पडलं. पाहते तो सात अक्षता. हळद लावलेल्या, जुन्या, पण एकही तुटकी नाही.

तिचा हात थबकला. मागे सासू केव्हा येऊन उभी राहिली होती तिला कळलं नाही. सासू रागावली नाही. तिनं विळ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि वेलाशेजारी खाली बसली.

"आत्याबाई, एवढं सुंदर फळ देवाला द्यायचं नाही, तर कुणाला?" सून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"देवाला दिलेलंच आहे गं ते. म्हणून तर अक्षता बांधल्यात," सासू म्हणाली. "पण ते या वर्षीचं नाही. पुढच्या वर्षीचं आहे. पुढच्या वर्षाचं ताट आजच वाढून घ्यायचा आपल्याला काय अधिकार?"

मग सासूनं तिला सांगितलं. सासू स्वतः नवी नवरी होती तेव्हा एका वर्षी गावात कुणाकडेच बी उरलं नव्हतं. देवळात हंडी ठेवली ती रिकामी. बायकांनी नुसत्या पाण्याला हात जोडले आणि उपाशी घरी गेल्या. त्या दिवशी तिनं मनाशी धरलं की आपल्या वेलावरचं पहिलं फळ आपलं नाही.

सून म्हणाली, मग हे लोकांना सांगत का नाही? सासू हसली. सांगितलं होतं, दोनदा. ज्यांचे वेल भरलेले असतात त्यांना बियाची गोष्ट ऐकू येत नाही. आणि न मागता दिलेलं बी उंदरांच्या पोटात जातं.

विळा तिथेच होता. सासू उठून आत निघून गेली, तोडू नकोस म्हणून सांगायलाही थांबली नाही. सुनेनं सात अक्षता चिंधीत ठेवल्या आणि गाठ पुन्हा बांधली. यावेळी थोडी घट्टच.

दुसऱ्या दिवशी तिनं देवळात दोन लहान तवशी आणि अळू नेलं. पाटलीणबाईंच्या तवशाला मान मिळाला. कुणीतरी सुनेच्या टोपलीत डोकावून म्हणालं, बाई बाई, उचलताना हात दुखला असेल. सुनेनं मान खाली घातली, पण तिला वाटलं होतं तितकं ते लागलं नाही.

दिवाळीनंतर सासूनं ते पिवळं तवसं तोडलं, चिरलं, बिया राखेत घोळून सावलीत वाळवल्या. मग पळसाच्या पानांच्या पुड्या बांधायला बसली. एका पुडीत पाच बिया. सून मदत करीत होती. पुड्या बांधता बांधता तिच्या लक्षात आलं, सासू थांबतच नाही. तिनं मोजल्या. बावीस पुड्या.

"एवढ्या कशाला? आपल्याला तर एक पुरे."

"गावात उंबरे किती?" सासूनं विचारलं, आणि पुड्या सुक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून तुंबा चुलीवरच्या आढ्याला टांगला. दरसाल ती नव्या पुड्या बांधी आणि जुन्या, कुणी न मागितलेल्या, ओढ्याकाठी टोकून टाकी. सून बराच वेळ तुंब्याकडे बघत राहिली. सगळं गाव जिला चिकट म्हणत होतं, तिच्या आढ्याला सगळं गाव बांधलेलं होतं.

पुढच्या मिरगात सगळ्यांनी होतं नव्हतं तेवढं बी टोकलं. आणि मग झड लागली. पंधरा दिवस आभाळानं डोळा उघडला नाही. ओढ्याचं पाणी परसात शिरून उभं राहिलं आणि मातीतलं बी मातीतच कुजलं. म्हातारीनं जुन्या पुडीतलं टोकलं होतं, तेही कुजलं. पावसाला चिकट कोण आणि उदार कोण ते काय ठाऊक.

पाणी ओसरल्यावर बायका बी शोधायला लागल्या. मडकी उपडी केली, फडताळं झाडली. बी असणार कुठून? उत्तम फळं तर दरसाल हंडीत गेली होती. बाजारचं आणावं, तर ते बैलाच्या शेतातलं. त्यातल्या त्यात देवाची एक कृपा, त्या वर्षी श्रावण अधिक होता. पंचमीला अजून अवकाश होता. पण नुसत्या दिवसांतून वेल थोडाच उगवतो?

तेव्हा कुणाला तरी ती चिंधी आठवली.

पहिल्या पाटलीणबाईच आल्या. अंगणात उभ्या राहिल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. सुनेला पाणवठा आठवला. ते सगळं बोलणं तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. तिनं सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, "सूनबाई, तुंबा काढ. आजपासून तो तुझ्या हातात."

सुनेनं तुंबा खाली काढला आणि जिभेवरचं बोलणं गिळलं. मग पाटलीणबाईच म्हणाल्या, "दे गं बाई. मोजून दे, तोलून दे, कसंही दे."

"मोजूनच देणार, काकी," सून म्हणाली. "पाच बिया. आणि एक अट आहे. पहिलं फळ धरलं की त्याला चिंधी बांधायची."

अशा एकामागून एक बायका आल्या. कुणी ओशाळून आली, कुणी डोळे पुसत. एकीनं पदर पसरून आणखी दोन बिया मागितल्या. सुनेनं मुळीच दिल्या नाहीत. म्हातारी वाती वळता वळता गालात हसली. एकवीस घरच्या एकवीस जणी पुड्या घेऊन गेल्या. तुंब्यात शेवटची पुडी उरली. ती या घरची.

सून तुंबा टांगायला उठली, तर फाटकाशी कुणी उभं. त्या चैत्रात गावाबाहेर कुंभाराचं एक बिऱ्हाड नव्यानं राहायला आलं होतं. त्यातली ती कुंभारीण. आत येईना, परतही जाईना. तिला वाटत होतं, आपण कालची माणसं, गावाच्या मोजणीत आपण कुठे? यंदा हंडी तिच्याच हातची होती. हंडी द्यायची आणि हंडीत घालायला आपलं काही नाही, याचं तिला वाईट वाटत होतं. एवढंच तिनं कसंबसं सांगितलं.

सुनेनं तुंबा हलवला. एकच पुडी वाजली. ती दिली की आपलं परस मोकळं. यंदाच्या टोपलीत तवसं नाही, आणि पुढच्या वर्षीसाठी चिंधी बांधायला वेलच नाही. तिनं सासूकडे पाहिलं. पण सासूनं मान खाली घातली होती आणि ती अशी मन लावून वात वळत होती, जणू अंगणात कुणी आलेलंच नाही.

सुनेला कळलं, हे आपलं आपणच ठरवायचं आहे. वर्षापूर्वी जे तोडायचं नाही म्हणून शिकलो, ते धरून ठेवण्यासाठी नव्हतं. ज्या दिवसासाठी राखलं होतं तो दिवस फाटकाशी येऊन उभा होता. त्याला परत पाठवलं, तर लोक म्हणत होते ते खरं झालं असतं.

तिनं पुडी कुंभारणीच्या ओंजळीत ठेवली. "पाच आहेत," ती म्हणाली. "पहिल्या फळाला चिंधी बांधा, वहिनी."

कुंभारीण गेल्यावर सासू उठली. तिनं सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

अधिक महिना सरला, निज श्रावण आला आणि परसापरसात वेल मांडवावर चढले. पंचमीला सून देवळात आली ती नुसतं अळू घेऊन. बाकीच्यांच्या टोपल्यांतही लहान लहानच तवशी होती, कारण मोठं फळ प्रत्येकीच्या वेलावर चिंधी बांधून बसलं होतं. मान द्यायचा कुणाला? बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग पाटलीणबाईंनी सुपाऱ्यांचं ताम्हन उचललं आणि म्हातारीपुढे धरलं. म्हातारीनं ते सुनेच्या हातात दिलं. सुनेनं सात ऋषी मांडले आणि आठवी सुपारी, अरुंधतीची, कुंभारणीच्या हातून मांडून घेतली. त्या दिवशीची भाजी वाट्याला घासभरच आली. पण एवढी गोड भाजी आपण कधी खाल्ली नव्हती, असं म्हाताऱ्या बायकासुद्धा म्हणाल्या.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी पाटलीणबाई म्हातारीच्या ओटीवर येऊन बसल्या. त्यांनी पदराची गाठ सोडून पळसाच्या पानाची एक पुडी काढली. त्यांच्या वेलावर यंदा एका नाही, दोन फळांना चिंध्या होत्या. एक त्यांच्या घरची आणि दुसरी या घरची.

"मोजून आणल्यात हो," त्या म्हणाल्या. "पाचच आहेत. सहावी मागाल तर मिळायची नाही."

म्हातारी इतकी हसली की तिच्या मांडीवरच्या वाती खाली सांडल्या. तेवढ्यात फाटक वाजलं. बाहेर कुंभारीण उभी होती, हातात पळसाच्या पानाची पुडी. आणि तिच्यामागे आणखी कोण कोण येत होतं. सून लगबगीनं उठली आणि तिनं आढ्याचा तुंबा खाली काढला.

सप्तर्षी आणि अरुंधती जसे त्या परसाला पावले, तसे तुमच्या-आमच्या परसालाही पावोत.

तात्पर्य: दुसऱ्यासाठी राखून ठेवणं म्हणजे चिकटपणा नव्हे; गरजवंत दाराशी आल्यावरही जी मूठ उघडत नाही, तीच खरी चिकट.