खुंटीवरचं सूत

"...मग अबोलपीर कुणाचा, बाबा? एकदा तोंडानं सांगा, की मी मोकळा."

जनार्दन ढमढेरे उभ्या उभ्याच विचारत होता. ज्या फरशीवर त्यानं सात वर्षं झाडू मारला, तिच्यावर बसायला आज त्याला वेळ नव्हता.

शेखोबा दिव्याची वात सारखी करत होते. दर्ग्याचे म्हणा, समाधीचे म्हणा, राखणदार तेच. पूर्वेच्या दारानं येणारे त्यांना शेखोबा म्हणत, पश्चिमेच्या दारानं येणारे बाबाजान. म्हातारा दोन्ही हाकांना ओ देई.

"त्यो जलमभर बोलला न्हाई," ते म्हणाले. "आन् मी कसा बोलू?"

भर दुपार होती. पूर्वेच्या दारासमोर मैदानात सभेचा मांडव घातला होता. ढोल वाजत होते, जनार्दनाच्या नावानं घोषणा चालल्या होत्या. आत मात्र आवाज अगदी बारीक होऊन येत होता. सात वर्षांत जनार्दनाला हे कधी जाणवलं नव्हतं.

त्यानं दगडी जाळीतून बाहेर पाहिलं. पुढच्याच रांगेत त्याची बायको बसली होती आणि शेजारी लेक ओवी, दुसरीतली. हट्टानं आली होती. कुणीतरी तिला भगवा फेटा बांधला होता. तो घसरून कानांवर आला होता आणि ती हसत होती.

"तुम्ही नाही सांगितलंत, तरी मी सांगणार," जनार्दन म्हणाला. "पूर्वेच्या दारातून बाहेर पडणार आणि जाहीर करणार, की ही आमच्या नाथपंथी साधूची समाधी आहे. मग भगवं वस्त्र चढेल. गाडीत अख्खा तागा आणलाय."

शेखोबांनी चौथऱ्याकडे पाहिलं. चौथऱ्यावर पांढरं कापड होतं. तिथे कायम पांढरंच असायचं.

"आन् पश्चिमेच्या दारातली मानसं?"

"त्यांनी यावं की. पाया पडून जावं. मी अडवतोय का कुणाला?"

म्हाताऱ्यानं चौथऱ्यावरच्या कापडाची सुरकुती सारखी केली.

ते जनार्दनाला झोंबलं. "मतांसाठी करतोय असं वाटतं ना तुम्हाला? शपथेवर सांगतो, मनापासून मानतो मी त्याला. माझी श्रद्धा आहे."

"ठावं हाय मला. नुसता लबाड असतास, तर मला घोर नव्हता."

खरंच सांगायचं, तर लबाडी नव्हतीच त्याच्यात. निवडणूक उभी राहिली आणि श्रद्धेला हात-पाय फुटले, एवढंच.

"रीत म्हाईत हाय ना?" शेखोबांनी विचारलं.

रीत त्याला माहीत होती. पीर आपला म्हणायचा, त्यानं आपलं वस्त्र चढवायचं. वस्त्र बेतायचं, तर माप हवं. ते माप ज्याचं त्यानंच घ्यायचं, एकट्यानं, कच्च्या सुतानं, डोक्याकडून पायांकडे. सूत खुंटीला टांगायचं आणि मग हव्या त्या दारानं बाहेर पडायचं.

भिंतीत चार खुंट्या होत्या. दोन रिकाम्या, दोन सुतं टांगलेल्या. झाडताना तिकडे हात लावायचा नाही, एवढीच ताकीद त्याला सात वर्षं होती.

शेखोबांनी सुताची गुंडी पुढे केली.

जनार्दन वाकला. एक टोक उशाच्या दगडाखाली दाबलं आणि सूत सोडत पायथ्याकडे गेला. मधे तोल जाऊन त्याचा तळवा कापडावर टेकला. खालचा दगड कोमट होता. आत्ताच कुणी उठून गेल्यावर अंथरूण असतं, तसा.

त्यानं झटकन हात काढला आणि दातांनी सूत तोडलं.

"आता सरळ हुबा ऱ्हा," शेखोबा म्हणाले.

"कशाला?"

"ऱ्हा तर."

म्हाताऱ्यानं सुताचं एक टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याखाली दाबलं. दुसरं टोक वर उचललं, गुडघ्यावरून, छातीवरून, कपाळावरून. ते बरोबर माथ्याला टेकलं. नखाएवढंही कमी नाही, जास्त नाही.

"योगायोग," जनार्दन म्हणाला.

"असंल," म्हणत शेखोबांनी खुंटीवरचं एक सूत काढून त्याच्या हातात दिलं. "ह्ये मकबूल इनामदारांचं. तुज्यापरीस ईतभर उंच व्हते त्ये."

जनार्दनानं दोन्ही सुतं शेजारी धरली. इनामदारांचं वीतभर जास्त भरलं.

चौथरा तोच होता. दगडही हलला नव्हता. ज्यानं मोजला, त्याच्याएवढा तो होत होता.

इनामदार त्याला चांगले आठवत होते. बारा वर्षांपूर्वी ते असेच आत आले होते. पश्चिमेच्या दाराबाहेर हिरवी चादर तयार होती, माणसांनी गल्ली भरली होती. इनामदार बाहेर आले आणि म्हणाले, "पीर कुणाचा, मला ठाऊक नाही." लोकांनी चपला फेकल्या. अनामत जप्त झाली. जनार्दन त्या दिवशी पोट धरून हसला होता.

"मागल्या साली ग्येले," शेखोबा म्हणाले. "ब्याऐंशी वर्सांचे हून. आपल्या खाटंवर, समद्या पोराबाळांच्या देखत."

जनार्दनाची नजर दुसऱ्या सुतावर गेली. ते आखूड होतं, खुंटीवरून लोंबत जेमतेम गुडघ्यापर्यंत येत होतं. रंगही पिवळा पडला होता.

"हे कुणाचं?"

"बापूसाहेब नलवड्यांचं."

"नलवडे?" जनार्दनाला हसू आलं, बरं वाटल्यासारखं. "बाबा, माझी थट्टा करताय होय? अहो, नलवडे सहा फुटी माणूस. दारातून वाकून आत यायचे."

"व्हय. मोजलं तवा सा फूटच भरलं. टोक भुईवर लोळत व्हतं. म्या बघितलंय."

"मग?"

"त्येंचीबी श्रद्धाच व्हती. तुज्याच वयाचे व्हते. पूर्वंच्या दारानं भाईर पडले आन् म्हणाले, पीर आमचा. टाळ्या पडल्या. चवथ्या दिशी प्येठ पेटली."

ते चौतीस वर्षांपूर्वीचं होतं. जनार्दन तेव्हा तिसरीत होता. आई त्याला पोटाशी धरून धान्याच्या कणगीमागे बसली होती आणि दारं-खिडक्यांच्या फटींतून जळक्या कापडाचा वास येत होता. तो वास त्याला आजही चालत नाही.

"नलवडे निवडून आले," शेखोबा म्हणाले. "पन टाळ्या पडल्या त्याच सांजंला म्या हितं दिवा लावाया आलो, तर सूत एवडंच व्हतं."

"एवढंच म्हणजे?"

"तूच बघ की."

जनार्दनानं ते सूत काढलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं, पण एक टोक त्यानं स्वतःच्या पायाखाली धरलं आणि दुसरं वर ओढलं. ते बरगडीशी येऊन थांबलं.

तिसरीच्या वर्गात मास्तरांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं सगळ्या पोरांची उंची आखली होती. ज आणि श, दोन अक्षरं एकाच रेघेवर होती. त्यावरून दोघांची भांडणं व्हायची, मी मोठा की तू मोठा. चौकटीवरची ती रेघ पुढे कितीतरी वर्षं तशीच होती. मोठा झाल्यावर मतदानाला तो त्याच वर्गात गेला होता, तेव्हा त्याला सहज लावून पाहावीशी वाटली.

ती त्याच्या बरगडीशी आली होती.

शिरीष नलवडे. बापूसाहेबांचा एकुलता एक. आग विझल्यावर पेठेतल्या कापडदुकानाच्या माळ्यावर सापडला होता.

"बाबा..." जनार्दन म्हणाला. "हे शिरीषचं...?"

शेखोबांनी त्याच्या हातातून सूत घेतलं, हलक्या हातानं झटकलं आणि पुन्हा खुंटीला अडकवलं. इनामदारांचंही अडकवलं. तिसरं सूत जनार्दनानं स्वतः टांगलं, तशी रीतच होती. त्याचं टोक भुईला अगदी टेकलं.

बाहेर घोषणा चढत होत्या. कुणीतरी माईकवरून सांगत होतं, की साहेब येताहेत, कुणी जागा सोडू नये. पश्चिमेच्या दाराबाहेर आवाज नव्हता. पण दाराच्या फटीखाली सावल्या दिसत होत्या, पावलांच्या. पुष्कळ पावलं होती आणि एकही हलत नव्हतं.

जनार्दनाला भीती वाटत होती आणि त्या भीतीचा रागही येत होता. पस्तीस गावांतून माणसं आणली होती. पक्षाचे मोठे लोक मंचावर बसले होते. आता बाहेर जाऊन ठाऊक नाही म्हणायचं? उद्या कुत्रं विचारणार नाही त्याला.

"तो काळ वेगळा होता," तो म्हणाला. "आता पोलीस आहेत, बंदोबस्त आहे. असं काही होणार नाही. मी होऊ देणार नाही."

शेखोबांनी दिव्यात तेल ओतलं.

"आणि धागा आटतो हो, बाबा. चौतीस वर्षांत आटणारच. कच्चं सूत ते."

"व्हय," म्हातारा म्हणाला. "कच्चंच असतंय."

जनार्दन वाकला, चौथऱ्याला हात न लावता लांबूनच नमस्कार केला आणि पूर्वेच्या दाराकडे गेला. कडी काढली. दार फटभर उघडताच ढोलांचा आवाज अंगावर आला. ऊन आत सांडलं. मांडवातून कुणीतरी त्याला पाहिलं आणि एकच गलका झाला. त्या गलक्यात एक बारीक आवाज त्यानं ओळखला. "बाबा! बाबा आले!"

त्यानं एक पाऊल उंबऱ्यावर ठेवलं.

मग मागे का वळून पाहिलं, कोण जाणे.

शेखोबा खुंट्यांसमोर उभे होते. दारातून वारा येत नव्हता. चौथऱ्यावरचं पांढरं कापड स्थिर होतं, दोन्ही जुनी सुतंही स्थिर होती. त्याचं सूत तेवढं अगदी हलकं डुलत होतं. मघाशी भुईला टेकलेलं टोक आता भुईपासून चार बोटं वर होतं.

म्हाताऱ्यानं वळून पाहिलं नाही. सुताच्या खाली तळहात धरून, ते किती वर आलंय हे पाहत त्यानं विचारलं,

"जनू... तुजी ल्येक आता केवडी झाली रं?"