टेकडीवरचा बाजार आणि तीन पितळी कडी

“बाजार टेकडीवर जाणार म्हणजे जाणार!” राजा विक्रमधवलानं सिंहासनावर मूठ आपटली. “संशोधन झालंय!”

समोर हौसा कासारीण उभी होती, कडेवर काचेच्या बांगड्यांची टोपली घेऊन. नदीकाठच्या सपाटीवर पिढ्यान्‌पिढ्या भरणारा बाजार राजाला आता आपल्या सज्ज्यासमोर, टेकडीवर हवा होता. वाट म्हणजे नुसते दगडगोटे! वर पोचेपर्यंत टोपलीत बांगड्या कमी नि काचा जास्त. आणि हौसाचं घर चालायचं ते या टोपलीवर.

“कसलं संशोधन, महाराज?”

राजानं ऐटीत तीन पंडितांकडे बोट केलं. सृष्टिपंडितानं टेकडीच्या चढाचा अभ्यास केला होता, पालखीत बसून. निष्कर्ष असा, की चढताना श्रम मुळीच होत नाहीत. पालखीच्या भोयांना विचारायचं राहून गेलं होतं. ते म्हणे अभ्यासाच्या कक्षेबाहेर होते. लोकपंडितानं गावोगाव फिरून रयतेचं मन जाणलं होतं. वाटेत रान लागतं म्हणून सोबत दोन भालेकरी. त्यांच्यासह तो दारात उभा राहायचा नि विचारायचा, “महाराजांचा निर्णय पसंत आहे ना?” काय आश्चर्य! एकजात सगळे “हो” म्हणाले. मग यंत्रपंडितानं ही सगळी उत्तरं एका पितळी यंत्रपुरुषाला पाजली. पाजलेल्यातूनच तो नवं उत्तर काढायचा. ग्रंथही तयार होता. फक्त वर कुणाचं नाव आधी घालायचं, यावरून तिघांनी आपापसात बोलणं टाकलं होतं.

“यंत्रपुरुषा, बाजार टेकडीवर न्यावा ना?” राजानं विचारलं.

“हो, महाराज!” यंत्र खणखणलं.

“आणि समुद्रात बुडवावा ना?” हौसानं विचारलं.

“हो, महाराज!”

दरबारात खसखस पिकली. यंत्रपंडित लाल झाला. “ही चूक नव्हे, ही नम्रता आहे! आणि प्रश्न विचारायचा अधिकार पंडितांचा! कासारणीचा नव्हे!”

“बरोबर!” राजा म्हणाला. “हौसा, तूही संशोधन आण. एकाही माणसाला एकही प्रश्न न विचारता, माणसाच्या मनातलं इथं सिद्ध करून दाखव. नाही जमलं, तर बाजार हलेलच, पण तुझ्या पालाला टेकडीवरही जागा मिळणार नाही!”

हौसा घरी आली. “धनी, जमेल ना मला?”

“हो,” नवरा म्हणाला.

“की नाही जमणार?”

“हो, तेही आहेच.”

हौसानं कपाळावर हात मारला आणि तिला एकदम आईची शिकवण आठवली. ‘बांगडी चढवताना बाईला “दुखतंय का?” म्हणून कधी विचारू नये, पोरी. शेजारी सासू बसलेली असते. बाई “नाही” म्हणते. तू तिची बोटं बघ, डोळे बघ.’ खरंच आहे. चार दिवस दुकानात बसलेल्या कुणालाही विचारा. गिऱ्हाईक “माल फार छान आहे हो!” म्हणत उठलं, की समजावं, हे काही घेत नाही.

हौसा घरच्या भात्यापाशी पितळ तापवत बसली.

ठरल्या दिवशी ती दरबारात आली, ती टोपलीत तीन लखलखीत पितळी कडी घेऊन. “महाराज, एवढं मोठं संशोधन झालं! तुमच्या नावानं पंडितांना मानाचं कडं घालावं म्हणते.”

राजा खूश. पंडित त्याहून खूश. तिघांनी हात पुढे केले, प्रत्येकानं आपला आधी. हौसानं सृष्टिपंडिताचा पंजा दाबला, अंगठा आत वळवला, आणि मापापेक्षा मुद्दाम लहान केलेलं ते कडं एका रेट्यात मनगटावर चढवलं! पंडिताच्या तोंडून “आऽ” निघाला, पण त्यानं त्याचं “आऽहा!” केलं. मग लोकपंडित. मग यंत्रपंडित.

“कसं बसलंय ते तुम्हीच विचारा, महाराज,” हौसा म्हणाली. “मला विचारायला बंदी आहे. आणि भालेकरीदादा, जरा पुढं या. मानाचा प्रसंग आहे.”

भालेकरी पंडितांच्या शेजारी येऊन उभे राहिले. राजा पुढे वाकला. “काय पंडित, आमचं कडं छान बसलंय ना?”

“अगदी छान, महाराज!” तिघे एका सुरात म्हणाले. लोकपंडिताचे डोळे पाण्यानं भरले होते. यंत्रपंडिताची बोटं वांग्यासारखी जांभळी पडली होती. सृष्टिपंडित एका पायावर उभा होता.

“पाजा ही उत्तरं यंत्रपुरुषाला,” हौसा म्हणाली.

राजानंच यंत्राची कळ फिरवली. “कडी छान बसलीत ना?”

“हो, महाराज!”

राजा एकदा यंत्राकडे बघत राहिला, एकदा त्या जांभळ्या बोटांकडे. मग भाल्याच्या टोकाकडे. त्याच्या मिशा हलू लागल्या.

“महाराज,” हौसा म्हणाली, “टेकडी सगळ्या गावाला अशीच छान बसलीय.”

“तेल आणा!” लोकपंडित ओरडला. “आधी तेल आणा हो कुणीतरी!”

राजा हसत सुटला. “बाजार नदीकाठीच राहील! आणि हौसा, हा यंत्रपुरुष तुला बक्षीस!”

“नको, महाराज. नुसतं ‘हो’ म्हणणारे धनी घरी आहेतच. ते निदान टोपली तरी उचलतात!”

राजानं डोळे पुसले नि हळूच विचारलं, “बरं, खरं सांग. मी राजा चांगला आहे ना?”

हौसानं शांतपणे टोपली उचलली.

“सांगते की, महाराज! आधी भालेकऱ्यांना बाहेर पाठवा, मग विचारा!”

राजा असा हसला, की मुकुट घरंगळून यंत्रपुरुषाच्या पायाशी गेला. सृष्टिपंडिताची पालखी त्यानं काढून घेतली आणि हौसाच्या बांगड्यांना दिली. तेव्हापासून बांगड्या पालखीतून बाजाराला जातात, आणि सृष्टिपंडित पायी. भोयांचं म्हणणं, ओझं पुष्कळच हलकं झालं. या खेपेस त्यांना कुणीतरी विचारलं होतं.